जुन्या साडीपासून दुधाच्या पिशवीपर्यंत : घरातल्या वस्तू पुन्हा कामाला लावण्याची रीत

सुती साडी नेसण्याजोगी राहिली नाही की तिची गोधडी होते. गोधडी विरली की तिच्यावर नवे अस्तर चढते, आणि तेही फाटले की त्याचे तुकडे आधी ओटा पुसायला, मग फरशीला आणि शेवटी मोरीत जातात. आमच्या घरी हा क्रम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो कधी मोडलाही जात नसे. जुन्या वस्तूंच्या वापरासंबंधी मला जे सांगायचे आहे ते बहुतांशी या क्रमातच आले : वस्तू स्वच्छ कामाकडून मळकट कामाकडे उतरत जाते, ती पुन्हा वर चढत नाही, आणि तिचे पुढचे काम ती बाजूला ठेवतानाच ठरलेले असते. पुढचे काम न ठरवता ठेवलेली वस्तू माळ्यावर जाते आणि अडगळ होते. तिच्यामुळे एक पैसाही वाचत नाही.

साडीची गोधडी

पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी गोधडीला वाकळ म्हणतात. नाव कोणतेही असो, तिला जुनेच कापड चांगले. वर्षानुवर्षे धुतलेली सुती साडी जेवढी आटायची तेवढी आटलेली असते, तिचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि पोत मऊ झालेला असतो. कोरे कापड गोधडीत घातले तर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि आजूबाजूचे थर चुरगळून वर येतात. एखादा कोरा तुकडा वापरणे भागच असेल, तर तो आधी दोन-तीन वेळा धुऊन वाळवून घ्यावा.

पहिली पारख कापडाची करावी. साडी पूर्ण सुती आहे की संमिश्र धाग्याची, हे हाताला नेहमी कळतेच असे नाही. काठाजवळचा एक धागा उपसून तो चिमट्यात धरावा आणि पेटवून पाहावा : सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. कृत्रिम कापड घाम शोषत नाही, म्हणून ते अंगाला लागणाऱ्या बाजूला तर नकोच, आणि शक्य असेल तर आतही घालू नये. जरीचा काठही काढून टाकावा, कारण जर टोचते. साधा विणलेला काठ मात्र जपून उसवावा. साडीचा तो सर्वांत बळकट भाग असतो आणि पिशवीच्या बंदांना त्याच्यासारखे दुसरे काही मिळत नाही.

मापाचा हिशेब असा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते, म्हणजे तिचे पावणेदोन मीटरपेक्षा किंचित मोठे तीन तुकडे पडतात. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे होतात. साडीचा पन्हा सुमारे सव्वा मीटरपेक्षा थोडा कमी, तोच एका माणसाच्या गोधडीची रुंदी ठरतो. दोन सहावारी साड्यांत सहा थरांची गोधडी होते आणि आपल्याकडच्या थंडीला ती पुरते. याहून जास्त थर घालण्याचा मोह आवरावा. कोरडी असताना जड गोधडी ऊबदार वाटते खरी, पण ओली झाल्यावर ती एकट्या माणसाला उचलत नाही, पिळता येत नाही आणि मग ती धुणेच टळू लागते.

साड्या धुऊन, खळ पूर्ण काढून, कडक उन्हात वाळवाव्यात. फॉल उसवावा. खोलीतली जमीन झाडून-पुसून घ्यावी आणि तळाचा तुकडा उलटी बाजू वर करून पसरावा. त्यावर आतले थर घालावेत. आत धोतर, परकर, सदऱ्याची पाठ असे लहान तुकडेही चालतात, मात्र दोन तुकडे एकमेकांवर दोन बोटे चढलेले असावेत, म्हणजे मध्ये फट राहून तेवढ्या जागी गोधडी पातळ पडणार नाही. जाड शिवणी, हुक, काज-बटणांच्या पट्ट्या आधीच कापून काढाव्यात आणि बटणे डबीत ठेवावीत. सर्वांत वर पदराचा तुकडा, सुलटी बाजू वर. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, जे जड असेल ते ठेवावे आणि मधून कडांकडे तळहात फिरवत सुरकुत्या काढाव्यात.

यानंतरचे काम घाईने करू नये. वीतभर अंतरावर उभे-आडवे कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र बांधून घ्यावेत. हे टाके शेवटी उसवायचेच असल्यामुळे पुष्कळ जणी ते वगळतात, आणि म्हणूनच त्यांच्या गोधडीच्या मध्यभागी कापड गोळा होऊन फुगवटा येतो. मग चारी कडा बोटभर आत दुमडून कडेचा पहिला धावदोरा घालावा आणि तिथून दोन बोटे आत सरकत, चौकोनात चौकोन असे मध्यापर्यंत जावे. दोन मीटर लांब गोधडीला या रीतीने साठ-पासष्ट मीटर टाके पडतात. दोरा दुहेरी असल्यामुळे दीडशे मीटर सुती दोरा हाताशी ठेवावा. एका वेळी हातभर दोराच ओवावा, लांब दोरा गुंततो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर अधिकच चांगले. गाठ कधीही वर दिसू देऊ नये, ती थरांच्या आत ओढून घ्यावी. टाका घालताना दोरा खेचून आवळू नये. कापड सपाट राहील इतपतच ओढावा. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान घालावे, कारण सहा थरांतून सुई पुढे ढकलताना बोटाच्या टोकाला खड्डा पडतो आणि दुसऱ्या दिवशी सुई हातात धरवत नाही.

रोज तासभर बसले तरी गोधडी पुरी व्हायला काही आठवडे लागतात. माझ्या आजीच्या हातची एक गोधडी अजून आमच्याकडे आहे. तिच्या एका कोपऱ्यात टाके तांदळाएवढे बारीक आहेत, तर मध्याशी येता येता ते गव्हाएवढे झालेले दिसतात. मधल्या काळात तिची नजर अधू होत गेली होती. त्या गोधडीवर आजवर दोनदा नवे अस्तर चढवले आहे. विरलेली गोधडी टाकून न देता तीच आतला थर म्हणून वापरायची, वर-खाली एकेक जुनी साडी घालायची आणि धावदोरे घालायचे, इतकेच ते काम आहे. नवरात्र बसण्याआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची आपल्याकडची प्रथा आहे. अशा वेळी प्रत्येक गोधडी उजेडात धरून पाहावी आणि जिथे कापड जाळीसारखे झाले असेल तिथे तेव्हाच ठिगळ लावावे.

तान्ह्या बाळाचे दुपटे याच रीतीने, पण दोन किंवा फार तर तीन थरांचे करावे. त्यात जर नको, बटण नको, टिकली नको आणि सुटा लोंबणारा दोरा तर मुळीच नको, कारण तो बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊ शकतो.

फडक्यांची उतरण

गोधडीत न जाणारे कापड फडक्यांसाठी ठेवावे. विणीच्या कापडाचे, म्हणजे बनियन किंवा टी-शर्टचे, तुकडे धूळ पुसायला सर्वांत चांगले. त्यांचे दोरे निघत नाहीत. जुना टॉवेल फरशीला चांगला, कारण तो पाणी धरतो. धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा स्वयंपाकघरातून बाहेर जाऊच देऊ नये : चक्का बांधायला, मोड आणायला, ताक-पन्हे गाळायला आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायला तो लागतोच.

फडक्यांना खूण करण्याची एक साधी रीत आहे. ओट्यावरचे फडके अख्खे ठेवावे, फरशीवर उतरवताना त्याचा एक कोपरा कापावा, मोरीत उतरवताना दुसरा कापावा. घरात कामाला येणाऱ्या मावशी असोत की सुट्टीत आलेला भाचा असो, कोणालाही ते विचारावे लागत नाही. कापलेला कोपरा परत जोडता येत नसल्यामुळे मोरीचे फडके चुकूनही ओट्यावर चढत नाही. ओट्याची फडकी आठवड्यातून एकदा धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळून उन्हात वाळवावीत. ओलसर फडके घडी करून ठेवल्याने त्याला जो वास लागतो तो साबणाने जात नाही.

दुधाची पिशवी

आपल्याकडे बहुतेक घरांत रोज किमान एक अर्ध्या लिटरची पिशवी रिकामी होते, म्हणजे वर्षाला साडेतीनशेच्या वर. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हाही दुधाच्या पिशव्या काही अटींवर वगळल्या गेल्या होत्या, म्हणून ही वस्तू घरात येतच राहणार असे धरून चालावे.

पिशवी कापतानाच पहिली काळजी घ्यावी. कोपरा पूर्ण छाटून टाकू नये, तिरकी चीर देऊन तो पिशवीलाच लोंबता ठेवावा. तो बोटाच्या पेराएवढा तुकडा केरात गेला की कचरा वेचणाऱ्याच्या हाती तो कधीच लागत नाही आणि थेट गटारात जातो. दूध ओतून झाल्यावर पिशवीत अर्धी वाटी गार पाणी घालून हलवावे आणि ते पाणी झाडांना घालावे. गरम पाणी आधी वापरू नये. त्याने दुधाचा थर पिशवीला चिकटून बसतो. मग पिशवी उलटी करून साबणाने धुवावी आणि खिडकीच्या गजाला चिमट्याने लावून वाळवावी.

तीन बाजूंनी उघडलेल्या पिशवीवर थालीपीठ चांगले थापता येते. पिशवीची आतली बाजू वर घ्यावी, तिला तेलाचे बोट फिरवावे, पिठाचा गोळा ठेवून पाण्याच्या हाताने मधून कडेकडे थापत जावे आणि बोटाने भोके पाडावीत. यानंतर पिशवी आधी तळहातावर उलटून सोडवावी आणि मगच थालीपीठ तव्यावर सोडावे, कारण प्लास्टिक तापलेल्या तव्याला टेकले तर ते क्षणात वितळते. माझ्या मते या कामाला ओले सुती फडकेच अधिक चांगले. ते थालीपिठासकट तव्यावर उलटता येते आणि अलगद सोलून घेता येते. साबुदाण्याच्या पापड्या घालायला मात्र पिशव्यांना तोड नाही, कारण वाळलेली पापडी त्यांच्यावरून आपोआप सुटते.

रोपांसाठी वरची कड उघडून पिशवीच्या तळाला चार-पाच भोके पाडावीत आणि माती व शेणखत भरून मिरची, वांगी, टोमॅटो, शेवगा यांचे बी लावावे. रोप कुंडीत किंवा जमिनीत लावताना पिशवी फाडून पूर्ण काढून घ्यावी. उरलेल्या पिशव्या धुऊन, वाळवून, एकात एक भरून भंगारवाल्याला द्याव्यात. वास येणारी ओली पिशवी कोणीही घेत नाही.

काचेच्या बाटल्या

कॉफीची, जॅमची, मधाची बाटली टाकून देणे माझ्याने होत नाही, आणि ते कोणी करूही नये. लेबल काढण्यासाठी बाटली चमचाभर धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी. कागद निघून गेल्यावर राहिलेल्या चिकट डिंकावर खोबरेल तेल चोळावे आणि दहा मिनिटांनी नारळाच्या शेंडीने साबण लावून घासावे. झाकणाला राहिलेला जुना वास दोन दिवस उघडे उन्हात ठेवल्याने पुष्कळसा जातो. तोपर्यंत त्यात फक्त सुके धान्य भरावे, मसाला भरू नये.

लोणच्याच्या बाबतीत मी एकदा चुकले आहे. लिंबाचे लोणचे जास्त झाले म्हणून मी ते पत्र्याच्या झाकणाच्या बाटलीत भरून ठेवले. दोन महिन्यांनी झाकण उघडले तेव्हा आतला रंगाचा थर सुटून तांबूस गंजाचे कण लोणच्यावर पडले होते, आणि शंभर लिंबांतली पंचवीस लिंबे टाकून द्यावी लागली. मीठ आणि आंबट यांच्यापुढे पातळ पत्रा टिकत नाही. तेव्हापासून लोणचे, चिंचेचा कोळ, कोकम आगळ हे पदार्थ मी चिनी मातीच्या बरणीत किंवा काचेच्याच झाकणाच्या बाटलीत ठेवते आणि पत्र्याच्या झाकणाच्या बाटल्या डाळी, तीळ, मेथ्या, सुका कढीपत्ता यांना देते. जॅमच्या साध्या बाटलीत उकळता पदार्थ ओतू नये, कारण काच तडकते. प्रत्येक बाटलीवर काय भरले आणि कधी भरले याची चिठ्ठी लावावी. निम्म्या मसाल्यांची नासाडी केवळ चिठ्ठी नसल्यामुळे होते.

ओट्यावरचे उरलेसुरले

तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी कुंड्यांना घालावे. मीठ घालून भाजी उकडलेले पाणी झाडांना घालू नये. चहाचा चोथा झाडांना चांगला, हे सर्वांना ठाऊक असते, पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो आणि तो चोथा तसाच कुंडीत टाकला तर मुंग्या लागतात, बुरशी धरते. तो गाळणीतच दोनदा धुवावा, पसरून वाळवावा आणि मग मातीत मिसळावा.

पिळलेल्या लिंबाची साल ॲल्युमिनियमच्या कुकरच्या तळाच्या पाण्यात टाकली की कुकर आतून काळा पडत नाही. चिंचेचे बोटूकही तेच काम करते, कारण काळेपणा पाण्यातल्या खारेपणामुळे येतो आणि आंबट त्याला मारते. तीच साल मीठ लावून तांब्याच्या तांब्यावर घासावी, मात्र लगेच धुऊन कोरडे पुसावे. नारळाची शेंडी भांडी घासायला ठेवावी. करवंटीला दांडा बसवून पूर्वी कोकणात वाढायची डवली करत असत. तेवढे कसब हाती नसेल, तर करवंटीचे तुकडे कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवावेत, पाणी निथळते आणि माती वाहून जात नाही.

तळणीच्या तेलाच्या बाबतीत मी काटकसरीपेक्षा प्रकृतीला अधिक मान देते. तेल निवल्यावर फडक्याने गाळावे, झाकून ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे. ते पुन्हा पुन्हा तळणीला घेऊ नये. अन्नपदार्थ तळताना तेलात साठत जाणाऱ्या बिघडलेल्या घटकांवर भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळपट झाले, त्यावर फेस टिकून राहू लागला किंवा ते लवकर धुरकटू लागले, की ते खाण्याजोगे राहिले नाही असे समजावे. असे तेल मोरीत ओतू नये. ते नळीत थिजून पाणी तुंबवते.

जे पुन्हा वापरू नये

वर्तमानपत्र कपाटाच्या फळ्यांवर अंथरावे, काचा पुसायला घ्यावे, रद्दीत विकावे, पण भजी त्यावर निथळायला ठेवू नयेत. छपाईची शाई गरम तेलात सुटते, आणि अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी मनाई केलेली आहे. त्या जागी जुने, धुतलेले सुती फडके वापरावे. रंगाच्या बादलीत झाडे लावावीत, पिण्याचे पाणी किंवा धान्य साठवू नये. आइसक्रीमच्या डब्यात सुया-दोरे, बटणे, खिळे ठेवावेत, गरम आमटी ओतू नये.

कीटकनाशकाचा किंवा ॲसिडचा डबा कितीही धुतला तरी तो दुसऱ्या कामाला घेऊ नये. त्याला भोक पाडून तो निकामी करावा, म्हणजे इतर कोणी उचलून पाणी भरणार नाही. याच्या उलट चूक अधिक घरांत होते आणि ती अधिक जिवावरची आहे : पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत फिनेल, रॉकेल किंवा टर्पेंटाइन भरून ठेवणे. मुलाला बाटली ओळखीची असते आणि तहान लागलेली असते. त्यामुळे पेयाच्या बाटलीत न पिण्याचा पदार्थ एका रात्रीपुरताही ठेवू नये, मग तिच्यावर चिठ्ठी लावलेली का असेना.

साठवण्यासाठी घरात एकच खोका असावा आणि त्याचे माप ठरलेले असावे. त्यात वस्तू टाकताना तिचे पुढचे काम मोठ्याने सांगता आले पाहिजे, "ही बाटली मेथ्यांना", "हा काठ पिशवीच्या बंदाला", एवढे नेमके. खोका भरला की नवी वस्तू ठेवण्यासाठी जुनी एक काढावी. दिवाळीच्या साफसफाईत त्यातल्या ज्या वस्तूला वर्षभर हात लागला नसेल ती बाहेर काढावी : जरीच्या आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या बोहारणीला, कागद रद्दीवाल्याला, काच आणि पत्रा भंगारवाल्याला.